पम्पकिन आले

जन्मात दारूचा थेंब न चाखता ज्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात बियर केली, ती सगळ्या आळीला पाजली आणि वर दुसऱ्या दिवशी 'कशी लागली ते खरं सांगा' म्हणून प्रत्येकाच्या दारात जाऊन उभा राहिला, असा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आमच्या हिचा सख्खा मामा आहे. 'थेंब न चाखता' हे मी उगीच वजन आणायला म्हणत नाही. ताक जरा आंबट झालं तरी मामा पेला नाकाशी नेतात आणि 'याच्यात कायतरी चालू झालंय' म्हणून मामींकडे परत सरकवतात. एकदा त्यांना खोकला झाला होता. डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांनी भिंग लावून वाचली, त्यात अल्कोहोल हा शब्द सापडला, आणि बाटली तशीच्या तशी परत करून मामा पुढे कितीतरी दिवस स्वच्छ मनाने खोकत राहिले. लग्नकार्यात कोणी हातात सरबत दिलं तर आधी ग्लास उजेडात धरून बघतात. अशा माणसाच्या घरात ओट्याखालच्या कपाटापासून थेट देवघराच्या पायरीपर्यंत बियरच्या बाटल्या उभ्या असलेल्या मी याच डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

मामा रोह्याचे. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर म्हणून लागले आणि ऑपरेटर म्हणूनच रिटायर झाले, पण रिटायर झाले ते फक्त कंपनीपुरते. घर त्यांनी प्लँटसारखं चालवायला घेतलं. मामी सकाळी पोहे करतात ती बॅच. त्यातलं चमचाभर मामांच्या तळहातावर येतं ते सॅम्पल. मामांनी डोळे मिटून 'पास' म्हटल्याशिवाय पाहुण्यांनाही बशी मिळत नाही. दुपारी आडवं होण्याआधी ते मामींना रीतसर चार्ज देतात. "दूध गॅसवर हाय, गॅस बारीक हाय. टाकीत पानी येतंय, वॉल अर्धा खुला हाय. कोन आला तर बसव." मामी म्हणतात, "निजा आता." की झालं हँडओव्हर. मी पेणचा, आमचा गणपतींचा कारखाना. पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतींचाच असतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण मामांना ते कधी पटलं नाही. "भोंगा नाय तो कसला कारखाना?" असं ते मला पहिल्याच भेटीत, जावई म्हणून समोर पाटावर बसलेलो असताना म्हणाले होते. गणपती गेले की आम्ही कारखानदार लोक आश्विनभर मोकळे असतो, एवढी गोष्ट मात्र त्यांनी पक्की लक्षात ठेवली.

मामांचा आणि भोपळ्याचा संबंध जुना. आमच्याकडे अख्खा लाल भोपळा बाईमाणसाने फोडायचा नसतो. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग त्याची भाजी करा, घारगे करा, काय वाटेल ते करा. का, ते कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणूनच कोणी मोडत नाही. मामांच्या आळीतले पुरुष सकाळीच शिफ्टला जातात आणि भोपळा नेमका दुपारच्या स्वयंपाकाला आठवतो. त्यामुळे मामा रिटायर झाल्यापासून भोपळे फोडण्याचं खातं आपोआप त्यांच्याकडे आलं. बाया मूल कडेवर घ्यावं तसे भोपळे घेऊन दारात येतात. पण मामा पटकन फोडून देतील तर शपथ! आधी कंपनीतला जाड काचांचा सेफ्टीचा चष्मा डोळ्यांवर चढतो. मग भोपळ्याखाली गोणपाट. मग चारी बाजूंना बघून मोठ्याने "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" आणि मग कोयता कपाळाला लावून घाव. त्यांची मुलगी लहान होती तेव्हा ती हट्ट करायची की घाव मीच घालणार. मामी नको म्हणायच्या. मामा तिचा हात मुठीवर ठेवायचे, त्यावर आपला हात ठेवायचे आणि मामींना म्हणायचे, "तू जरा पाठ कर गो." मामी पाठ करायच्या आणि घाव पडायचा. रीतही राहायची आणि पोरीचा हट्टही.

ही मुलगी म्हणजे बाय. शाळेच्या दाखल्यावर तिचं दुसरं काहीतरी छान नाव आहे, पण तिला घरात सगळे बायच म्हणतात. बाय शिकायला अमेरिकेत गेली, तिथेच नोकरीला लागली आणि एक दिवस तिने फोनवर सांगितलं की मी इथल्याच मुलाशी लग्न करतेय आणि तारीखही ठरली आहे. मुलाचं नाव ब्रायन. मामींना ते 'नारायण' असं ऐकू आलं आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्याचं तेच नाव पडलं. मामांना मुलगा परका आहे याचं काही वाटलं नव्हतं. आधी ठरवलं आणि मग सांगितलं, हे त्यांना लागलं. "सॅम्पल न दाखवता बॅच काढली," असं ते मला पुढे एकदा म्हणाले. पण त्या दिवशी फोनवर ते एवढंच म्हणाले, "मंग आता येऊ नको." बाय त्यांचीच मुलगी. ती आली नाही. मामा तिच्याशी बोलले नाहीत आणि ती मामांशी बोलली नाही. वर्षानुवर्षं फोन मामींच्या नावाने यायचा, मामा शेजारच्या खोलीत पेपर धरून बसायचे, आणि फोन संपेपर्यंत पेपरचं पान काही उलटायचं नाही. फार झालं तर भिंतीकडे बघून म्हणायचे, "तिकडं थंडी पडली काय, इचार." मामी विचारायच्या. तिकडून उत्तर यायचं, "सांग, पडली." एवढ्यावर दोघं एकमेकांची ख्यालीखुशाली समजून घ्यायचे.

गेल्या वर्षी भाद्रपदात बाय आईला म्हणाली, की आश्विनात आम्ही दोघं येतोय. बाबांना चालेल का विचार. मामी विचारायला गेल्या तर पेपरामागून आवाज आला, "घर तिचं हाय, मला काय इचारता?" मामींनी याचं भाषांतर 'हो' असं करून पलीकडे पोचवलं. मग नारायणासाठी काय काय रांधायचं ते निघालं. बाय म्हणाली, काही नको गं, तो सगळं खातो. फक्त या दिवसांत तिकडे पानगळ होते आणि तो दरवर्षी गॅरेजमध्ये भोपळ्याची बियर करतो, दालचिनी-बिलचिनी घालून. यंदा इकडे येणार म्हणून ती चुकणार, एवढीच त्याची हळहळ चाललीय. हे पेपरामागे ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी मला पेणला फोन. "जावईबापू, बियर कशी करतात?" मी फोन कानापासून लांब धरून नंबर तपासला. नंबर मामींचा होता, आवाज मात्र मामांचाच. "मामा, तुम्ही आणि बियर?" "मी पिनार नाय. मी करनार." मी पुढच्या गाडीने रोह्याला गेलो, कारण माझी खात्री झाली की यांची तब्येत बिघडली आहे. मामा ओटीवर एका भल्यामोठ्या भोपळ्यासमोर बसले होते. मला म्हणाले, "मी तिला येऊ नको म्हटलेलं. बोललेलं परत कसं घेतात ते मला ठाऊक नाय. भोपला मात्र फोडता येतो." मी बाह्या सरसावल्या.

आता कृती हवी. ती बायकडेच होती, पण तिला विचारायचं म्हणजे बोलणं आलं. मामांनी यावर तोड काढली. मामींचा मोबाईल घेतला आणि मामी होऊन तिला मेसेज लिहायला सुरुवात केली. 'चि. बाय हीस अनेक आशीर्वाद. नारायणराव भोपळ्याचे पेय करतात त्याची कृती कळवावी. प्रमाण कळवावे. टेंपरेचर कळवावे. कळावे, तुझी आई.' मामींनी आयुष्यात कधी मेसेज लिहिला नव्हता. त्या फोनमध्ये तोंड घालून बोलायच्या. पण बायने काही न विचारता उत्तरं पाठवायला सुरुवात केली. ती मराठीच लिहायची, फक्त हल्लीच्या मुलांसारखी इंग्रजी अक्षरांत. आणि इथेच घोटाळा झाला. त्या बियरच्या जातीला इंग्रजीत 'एल' म्हणतात. ए, एल, ई. बायने लिहिलं, नारायण करतो ती 'पम्पकिन एल'. ज्या माणसाने बियरच्या दुकानाकडे कधी मान वळवून पाहिलं नाही, त्याला एल कुठून ठाऊक असणार? मामांनी अक्षरं जुळवली आणि वाचलं, 'पम्पकिन आले'. म्हणजे भोपळा आणि आलं. मामा खूश! पुढे बायने लिहिलं होतं की एल भरपूर करून ठेव, त्याला एल फार आवडते. मामांनी वाचलं, 'आले भरपूर करून ठेव, त्याला आले फार आवडते.' झालं. मामा बाजारात गेले आणि पिशवीभर आलं घेऊन आले. त्यात उसळीला लागतं तेवढं चिमूटभर आलं हवं म्हणून मामींनी हात घातला, तर मामांनी हात बाजूला केला. "पाव्हन्यांचं हाय ते."

दुसरा घोटाळा 'हॉप्स'चा. हॉप्स म्हणजे बियरला कडवटपणा आणणारी कसलीशी वाळकी फुलं. मामांनी ते 'होप्स' असं वाचलं. मधला ई नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण बायचं स्पेलिंग लहानपणापासून कच्चं आहे हेही त्यांना ठाऊक होतं. मला बाजूला घेऊन त्यांनी गंभीरपणे विचारलं, "जावईबापू, आशा टाकायची म्हनजे नेमकं काय करायचं?" मी सांगितलं की ती फुलं असतात आणि पेणलाही मिळणार नाहीत आणि रोह्यालाही नाहीत. शेवटी घरात जे काही कडू असेल ते घालायचं ठरलं. मामींकडे काडेचिराईत होतं. ज्याने लहानपणी ते नाक दाबून प्यायलं आहे त्यालाच कळेल की बियरमध्ये ते घालायला किती आशावाद लागतो. बाकीचं सामान सोपं निघालं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य हे समजल्यावर मामींनी फक्त "म्हंजे नाचनीचं सत्त्वच की" एवढं म्हणून डबा पुढे केला. यीस्ट पावाच्या बेकरीतून आलं. बेकरीवाल्या चाचांनी "केक करताय काय?" विचारलं, आणि मामांना खोटं बोलता येत नसल्यामुळे त्यांनी तिथेच सगळी हकिकत सांगितली. संध्याकाळपर्यंत रोह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता.

त्यामुळे समोरचे तात्या आले. तात्या कोर्टात कारकून होते आणि आळीतल्या सगळ्यांना कायदा घरपोच मिळतो तो त्यांच्याकडूनच. याला परवाना लागतो, असं ते म्हणाले. मामांचा चेहरा पडला. ज्या माणसाने रिकाम्या रस्त्यावरही सायकलवरून हात दाखवल्याशिवाय कधी वळण घेतलं नाही, तो गुन्हा कसा करणार? दोन दिवस भोपळा तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी मामांनीच मार्ग काढला. "चढली तर दारू. नाय चढली तर सरबत. मी नाय चढनारी करनार." हे कायद्यात कितपत बसतं ते मला माहीत नाही, पण तात्यांनी बराच विचार करून सांगितलं की चढते की नाही हे कोणीतरी जबाबदार माणसाने प्यायल्याशिवाय कळणार नाही, आणि ते तयार आहेत. मग भोपळा फुटला, आणि थोड्या दिवसांनी पहिली बॅच तयार झाली तेव्हा मामांनी अंगणात खडूने सरळ रेघ मारली. तात्यांनी आधी पेला घ्यायचा आणि मग रेघेवरून चालून दाखवायचं. तात्या पेला घेऊन रेघेवरून चालले ते तिरके तिरके थेट तुळशीपर्यंत गेले. मामा घाबरून डोक्याला हात लावून बसले. मग मामींनी आतून सांगितलं की तात्यांचा गुडघा श्रावणापासूनच दुखतोय आणि ते दुधाला जातात तेव्हाही असेच जातात. पुन्हा तपासणी झाली. आळीतले यच्चयावत लोक रेघेवरून चालून गेले, सगळे सरळ गेले, आणि सगळे तळव्याने नाक-डोळे पुसत गेले. कारण आलं. आणि आल्याच्या जोडीला मसाला. बायने 'मसाला घाल' एवढंच लिहिलं होतं आणि मामांनी बरणीतला घरचा लाल मसाला घातला होता. "बियर झकास हाय," तात्या डोळे पुसत म्हणाले. "फक्त सोबत भाकरी पायजे होती."

या पहिल्या बॅचचा शेवट मात्र वाईट झाला. मामांनी ती घाईघाईने बाटल्यांत भरली, बुचं ठोकून बसवली आणि बाटल्या ओट्याखाली ठेवल्या. आतला प्रकार अजून चालूच होता हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी मामा मामींना चार्ज देऊन झोपले होते. पहिला बार झाला. पाठोपाठ दुसरा. मग लागोपाठ धडाधड. मामा झोपेतून उठले ते थेट कंपनीत उठले. "लीकेज! लीकेज!" म्हणून ओरडत ते बाहेर धावले, मामींच्या हाताला धरून त्यांना बाहेर काढलं, आणि घराघरावर थापा मारत, "ओला रुमाल नाकाला लावा! वाऱ्याच्या उलट्या बाजूला चला! असेंब्ली पॉइंट, असेंब्ली पॉइंट!" असं ओरडत त्यांनी सगळी आळी कोपऱ्यावरच्या आंब्याखाली गोळा केली. धाटावच्या आसपासच्या लोकांना या गोष्टी नव्याने सांगाव्या लागत नाहीत. बायाबापड्या, म्हातारे, अंथरुणातून उठलेले नाइट शिफ्टवाले, सगळे नाकाला ओले रुमाल लावून मुकाट उभे राहिले. मामांनी डोकी मोजली. तात्या कमी भरले. मग घरातून भोपळ्याचा, दालचिनीचा आणि आल्याचा असा काही घमघमाट आला की एकेकाचा रुमाल खाली आला, आणि तात्या मामांच्या स्वयंपाकघरातूनच बाहेर येताना दिसले, हातात न फुटलेली एक बाटली घेऊन. ही वाचवायला आत गेलो होतो, असं ते म्हणाले. आळी हसून हसून आडवी झाली. मामा तेवढे हसले नाहीत. भिंतीवरचा भोपळा पुसत ते मला हळूच म्हणाले, "दिवस थोडे राह्यलेत जावईबापू. ती येईल आनि माझ्याकडं द्यायला कायच नसंल." मला त्या माणसाची इतकी माया आली की मी पेणला परत न जाता तिथेच राहिलो.

दुसरी बॅच आम्ही शांतपणे केली. लाल मसाला वगळला, दालचिनी, लवंग आणि जायफळ घेतलं. आलं मात्र तेवढंच राहिलं, पाहुण्यांची आवड ती! बाटल्या यावेळी मामांनी पाण्याच्या टपात ठेवल्या आणि झोपताना त्यांचा चार्ज मामींकडे देईनासे झाले. म्हणजे झोपेनासेच झाले. एवढ्यात त्यांच्या मनात आणखी एक शंका आली. पाहुण्यांच्या देशात या दिवसांत पानं गळतात. आपल्याकडे आश्विनात पानं जागच्या जागी, शेतात भात कापायला झालेलं, उकाडा मी म्हणतोय. अशा हवेत ही बियर पाहुण्यांच्या गळ्याखाली कशी उतरणार? म्हणून मामा रोज सकाळी फणसाची वाळकी पानं गोळा करून अंगणात पसरू लागले. आणि मामी रोज सकाळी अंगण झाडतात. ते पसरायचे, या झाडायच्या. "घरात पाव्हना येनार, आनि अंगनात हा पाला!" "तोच तर पायजे गो!" या दोघांचा संसार आजवर इतक्या निकराला आलेला मी पाहिला नव्हता. शेवटी ज्या दिवशी बाय यायची होती, त्या दिवशी मामींनी केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "घाला काय घालायचं ते."

त्या दिवशी मामींचा फोन सकाळपासून मामांच्या खिशात होता. आधी मेसेज आला की खांबला पोचलो. मग कोलाडला चहाला थांबलो. मामा दर मेसेजला बाटल्या मोजत होते आणि अंगणातली पानं नीट करत होते. मग बराच वेळ काहीच नाही. मामा ओटीवरून आत आणि आतून ओटीवर. आणि एकदम फोन वाजला. मामांनी चष्मा लावून वाचलं, आणि तोंडावरचा रंगच उतरला. "अगो, परत आलं लिवलंय! आलं कमी पडलं वाटतं!" आम्ही काही बोलायच्या आत मामा स्वयंपाकघरात. उरलंसुरलं आलं काढलं, खलबत्ता ओढला, आणि कुटायला बसले. मी ओट्यावरचा फोन उचलून पाहिला. दोनच शब्द होते. 'बाबा, आले.' मी म्हटलं, "मामा, हे आलं नाही. हे 'आले'. बाय आली." मामांचा बत्ता हवेतच थांबला. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, एका बोटाने अक्षरं लावली. "बाबा लिवलंय?" "हो." "आई नाय?" "नाही मामा. बाबाच लिहिलंय."

मामा तसेच बाहेर गेले. एका मुठीत आल्याचा तुकडा, दुसऱ्या हातात बत्ता. फाटकात बाय उभी होती, मागे उंचच उंच नारायण दोन्ही हातांत बॅगा घेऊन. बाय अंगणाकडे बघत होती. "बाबा, हा काय कचरा?" ती म्हणाली. मामा पायरीवर थांबले. इतकी वर्षं मनात काय काय जुळवून ठेवलं असेल, पण त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला. "आलीस?" "आले," बाय म्हणाली. मामी डोळ्याला पदर लावून रडत होत्या, बायसाठी सकाळीच पेणहून आलेली आमची ही रडत होती, आणि मीही आल्याच्या वासाचं निमित्त करून डोळे पुसून घेतले. नारायणाने तेवढ्यात ती पानं पाहिली. बॅगा खाली ठेवून तो त्या पानांतून पाय ओढत, चरचर आवाज करत, लहान पोरासारखा अंगणभर फिरायला लागला. मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी हार मान्य केली.

बियर पितळेच्या पेल्यांतून दिली. नारायणाने मोठा घोट घेतला, आणि बराच वेळ त्याचे डोळे नुसते वाहत होते. मग तो काहीतरी बोलला. बायने सांगितलं, "तो म्हणतो, अशी बियर त्याने जन्मात कधी प्यायली नाही." आणि ते खरंच होतं. मग आल्याचा उलगडा झाला आणि बाय इतकी हसली, इतकी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं. मामांनी विचारलं की मेसेज मी लिहितो हे तुला कधी कळलं? "पहिल्याच दिवशी. आई कधीपासून 'टेंपरेचर कळवावे' म्हणायला लागली?" आठ दिवस घर नुसतं नाचत होतं. नारायण रोज तात्यांबरोबर रेघेवरून चालायचा. एका दुपारी कोणीतरी भोपळा घेऊन आलं तेव्हा मामांनी चष्मा चढवला, कोयता घेतला, आणि तो बायच्या हातात दिला. वर आपला हात ठेवला. मामींनी न सांगताच पाठ केली. घाव पडला तेव्हा नारायणाने टाळ्या वाजवल्या.

मग ती गेली. जातातच. मामांनी एक बाटली मात्र फोडू दिली नाही. ती अजून देवघराच्या पायरीशी उभी आहे आणि मामी गणपतीत तिला पुसून पुन्हा तिथेच ठेवतात. आता आश्विन लागला आहे. काल मी रोह्याला गेलो होतो. मामा ओटीवर चष्मा लावून बसले होते, समोर भोपळा, शेजारी आल्याची पिशवी. यंदा त्यांचा स्वतःचा मोबाईल आहे. यंदा बायला सुट्टी नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण मामांनी मला फोन दिला आणि म्हणाले, "पाठवायच्या आधी एकदा बघा बरं." मी वाचलं. 'चि. बाय हीस अनेक आशीर्वाद. भोपळा आणला आहे. आले आणले आहे. बाकी कोणी आले नाही. कळावे, बाबा.' मी फोन परत दिला, तेव्हा मामा खाली बघून म्हणाले, "याच्यात आले दोनदा आलंय, जावईबापू. चालंल ना?"

मी म्हटलं, "चालेल मामा. पाठवा."